फायनाइट व्हर्ब : काळ कोणत्या शब्दावर बसलाय?

प्रश्न असा आला आहे : ‘इंडोनेशियातल्या मुलांना मी ऑनलाइन इंग्रजी शिकवते. ती “शी ब्यूटिफुल”, “ही गो यस्टरडे” असं लिहितात. दुरुस्त केलं तर “आय ॲम गो” म्हणतात. फायनाइट व्हर्बची व्याख्या पाठ आहे, तरी हेच. काय करावं?’

फायनाइट व्हर्ब म्हणजे वाक्याचा काळ ज्याच्यावर बसतो ते क्रियापद. ही व्याख्या तूर्त बाजूला ठेवा आणि मुलांच्या इंडोनेशियन भाषेतल्या क्रियापदाकडे बघा. ‘दिया पर्गी क पासार’ म्हणजे तो बाजारात जातो, ती बाजारात गेली, यातलं काहीही. ‘कमारिन’ (काल) किंवा ‘बेसोक’ (उद्या) जोडलं की काळ कळतो. ‘पर्गी’ आहे तसंच राहतं. झालेल्या गोष्टीला ‘सुदाह’, चालू असलेल्या गोष्टीला ‘सदांग’, व्हायच्या गोष्टीला ‘आकान’. ‘साया सुदाह माकान’, माझं जेवण झालं, याचंच ‘आय ऑलरेडी ईट’ होतं. मुलांनी काळ सांगितलेला असतो, पण वेगळ्या शब्दाने. ‘दिया गुरु’ (ती शिक्षिका आहे) हे तर क्रियापदाशिवायच पूर्ण वाक्य आहे. ‘हे माझं घर’ म्हणताना आपणही ‘आहे’ गाळतो, त्यामुळे ही चूक तुम्हाला लगेच उमगेल.

खरी मेख पुढे आहे. इंडोनेशियन क्रियापदाचं रूप बदलतं, पण काळासाठी नाही. ‘तुलिस’पासून ‘मनुलिस’ म्हणजे लिहिणं आणि ‘दितुलिस’ म्हणजे लिहिलं जाणं. उपसर्गाने प्रयोग बदलतो. ‘सुरात इतु दितुलिस कमारिन’, ते पत्र काल लिहिलं गेलं. हे मुलं ‘द लेटर रिटन यस्टरडे’ असं लिहितात. ‘दितुलिस’ एका शब्दात काम भागवतं, मग ‘वॉज’ हवं असं त्यांना वाटणार कसं?

आपली अडचण उलटी. शाळेत आपण ‘जाऊन’, ‘करताना’, ‘केलेला’ यांना धातुसाधितं म्हणून वेगळं काढतो आणि वाक्य पुरं करणाऱ्या शब्दालाच क्रियापद म्हणतो. म्हणजे आपलं नुसतं ‘क्रियापद’ हेच जवळजवळ फायनाइट व्हर्ब. हा भेद आपल्याला आयता मिळालेला असतो, म्हणून तो शिकवावा लागतो हेच सुचत नाही.

मी एकच कसोटी सुचवेन : वाक्य आजचं असेल तर कालचं करा, कालचं असेल तर आजचं, आणि कोणता शब्द हलतो ते बघा. ‘ही इज रीडिंग’मध्ये ‘इज’चं ‘वॉज’ होतं, ‘रीडिंग’ तसंच राहतं. म्हणून फायनाइट ‘इज’. ‘शी ब्यूटिफुल’मध्ये काहीच हलत नाही, तिथे मुलांना स्वतःलाच उणीव सापडते. ‘आय ॲम गो’मध्ये काळाची जागा ‘ॲम’ने घेतलेली आहे, तेव्हा मागे ‘गोइंग’ हवं. ‘ही डिड नॉट वेंट’चंही तेच : काळ ‘डिड’वर आला, ‘वेंट’ला परत ‘गो’ व्हावं लागतं. ‘मस्ट’ या कसोटीला दाद देत नाही, ते वेगळं शिकवा.

कसोटी अंगवळणी पडली की ‘द बॉय इन्व्हायटेड टु द पार्टी केम लेट’ हे वाक्य द्या. ‘इन्व्हायटेड’ भूतकाळासारखं दिसतं, म्हणून बरीच मुलं तिथेच बोट ठेवतील. वाक्य आजचं करायला सांगा. ‘केम’चं ‘कम्स’ होईल, ‘इन्व्हायटेड’ला धक्काही लागणार नाही.