लसूण घास बियाण्याला सोडलाय? आता युरिया नको, टॉनिकही नको

राहुरी-संगमनेर पट्ट्यातून सध्या एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय: "आरएल-88 (चाऱ्याच्या लसूण घासाचं वाण) घास शेवटची कापणी घेऊन बियाण्याला सोडलाय. खालची पानं पिवळी पडून गळतायत, निम्म्या शेंगा काळ्या झाल्यात, शेंड्याला फुलं आहेत. दुकानदार म्हणतो युरिया टाका आणि 0:0:50 (पालाशचं विद्राव्य खत) सोबत टॉनिक मारा, दाणा टपोरा होईल. काय करू? कापणी कधी करू?"

युरिया टाकू नका. पानं पिवळी पडतायत ती खत कमी पडलं म्हणून नव्हे. पानांतला नत्र दाण्यात चाललाय. कोवळ्या हिरव्या दाण्यात बहुतेक पाणी आणि साखरच असते. नखाने दाबला की रस येतो. पुढे पाणी उतरत जातं आणि प्रथिनं, तेल, डिंकासारखा साठा असं सगळं दाण्यात भरतं. स्फुरदही तेव्हाच साठतो, उगवणाऱ्या रोपाची ती शिदोरी. पिकलेल्या दाण्यात वजनाचा साधारण तिसरा हिस्सा प्रथिनं असतात, त्यांचा बराचसा नत्र या पानांतूनच आलेला असतो. अशा वेळी युरिया आणि पाणी दिलं की बुडातून नवे फुटवे येतात, पुन्हा फुलं लागतात आणि जुन्या शेंगा गळेपर्यंत नव्या हिरव्याच राहतात. असे प्लॉट मी दर उन्हाळ्यात बघतो.

फवारणीचंही तेच. शेंग काळी पडेपर्यंत दाण्याची नाळ सुकलेली असते. त्यानंतर मारलेलं कुठलंही खत, कुठलंही टॉनिक त्या दाण्यात जात नाही. दुप्पट डोस मारला तरी जात नाही. स्फुरद-पालाश द्यायचं ते पेरणीच्या वेळी, माती परीक्षण बघून. आणि फुलं असताना कीटकनाशक तर अजिबात नको. घासाचं फूल मधमाशी उघडते तेव्हाच शेंग धरते. माशी मेली तर भरायला दाणाच नाही.

पीक एकसारखं वाळावं म्हणून तणनाशक मारायचा सल्लाही काही दुकानांत मिळतो. पॅराक्वाट या तणनाशकाची घासावर शिफारस नाही, त्या विषावर उतारा नाही आणि मळणीनंतरचा भुसा तुमच्याच गाईच्या गव्हाणीत जाणार आहे. मारू नका.

कापणी तारखेवर ठरवू नका, तळहातावर ठरवा. शेताच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून वेटोळ्या शेंगा तोडा, तळहातावर चोळा, फुंकर मारा. दाणा हिरवा आणि मऊ असेल तर थांबा. मोहरीसारखा पिवळा, दाताखाली कडक लागला तर तयार. दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश शेंगा काळपट तपकिरी झाल्या की कापा. शेंड्याच्या फुलांची वाट बघू नका, तेवढ्यात खालचं चांगलं बी मातीत जातं. घाई केली तर हिरवा दाणा वाळून सुरकुततो, उगवत नाही. वळवाच्या पावसात सापडला तर तांबूस पडतो, भाव जातो. कापणी पहाटे, दव असताना, म्हणजे शेंगा झडत नाहीत. वाळवणं ताडपत्रीवर.

"बी पण घेऊ, पाला पण जनावराला घालू" असं विचारणाऱ्यांना: या अवस्थेत पाल्यात सत्त्व उरत नाही, खोड लाकडासारखं झालेलं असतं. चाऱ्याचा प्लॉट वेगळा ठेवा आणि तो फुलं दिसू लागताच कापा.

नवं बी काही उगवतं, काही तसंच पडून राहतं, अशीही तक्रार आहे. ते मेलेलं नसतं. दाणा फार कोरडा झाला की साल पाणी आत घेत नाही. पेरणीआधी जाड वाळूत हलक्या हाताने चोळा. साल पातळ करायला अ‍ॅसिडच्या भानगडीत पडू नका.

बियाणं प्रमाणित करून विकायचं असेल तर हंगामाच्या सुरुवातीलाच बीज प्रमाणीकरण यंत्रणेकडे नोंदणी लागते. राष्ट्रीय पशुधन अभियानातल्या मदतीचे निकष पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे मिळतील. प्लॉटमध्ये अमरवेल (घासावर वाढणारं परजीवी तण) दिसली तर तेवढा पट्टा मुळासकट उपटून जाळा, त्यातलं बी घेऊ नका. साठवताना ओलावा 10 टक्क्यांच्या खाली हवा.