एमएस्सीचा प्रबंध वर्डमधून लाटेकमध्ये न्यावा का, आणि सुरुवात कुठून करू?

तुम्ही म्हणताय की समीकरणांचे नंबर वर्डमध्ये सारखे बिघडतात आणि मराठीतला सारांशही जोडायचाय. समीकरणं भरपूर असतील तर लाटेक ही अक्षरजुळणीची प्रणाली शिकाच. फक्त गाइडना आधी विचारून घ्या, कारण त्यांना वर्डच्या फाइलमध्येच करेक्शन करून द्यायची सवय असेल आणि पीडीएफवर शेरे मारायला ते तयार नसतील तर ऐन सबमिशनच्या तोंडावर दोघांचेही हाल होतात.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांना १९७७ मध्ये स्वतःच्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आवडली नाहीत, म्हणून त्यांनी अक्षरजुळणीसाठी टेक हा प्रोग्रॅम लिहायला घेतला, आणि ८०च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर लाटेक उभं केलं. त्यात तुम्ही साध्या टेक्स्ट फाइलमध्ये एवढंच सांगायचं की हे प्रकरण, हे समीकरण, ही आकृती. नंबर, अनुक्रमणिका, मधली जागा सगळं ते बघतं. म्हणून मजकूर पूर्ण होईपर्यंत दिसण्याच्या मागे लागूच नका, मार्जिन आणि फॉन्टशी खेळण्यात आठवडे जातात हो.

लॅपटॉपवर सगळं इन्स्टॉल करायला काही जीबी लागतात, तेव्हा आधी ब्राउझरमध्ये ओव्हरलीफ ही ऑनलाइन लाटेक चालवणारी वेबसाइट उघडा. पहिल्या ओळीत डॉक्युमेंटक्लास, मग बिगिन डॉक्युमेंट, मजकूर, एंड डॉक्युमेंट, बस. प्रत्येक कमांडच्या आधी बॅकस्लॅश, आणि कमांडला जे नाव द्यायचं (जसं बिगिनला डॉक्युमेंट) ते महिरपी कंसात. नवा परिच्छेद हवा तर एक ओळ रिकामी सोडायची, स्पेस कितीही दिल्या तरी एकच धरली जाते. चार ओळी लिहिल्या की कंपाइल करा, म्हणजे फाइलचं पीडीएफ बनवून बघा, आणि एररची लांबलचक यादी आली तर पहिलीच एरर वाचा, खालच्या बऱ्याचशा तिच्यामुळेच आलेल्या असतात.

एक गोष्ट मात्र एररसुद्धा देत नाही. "५०% नमुने खराब निघाले" असं टाइप केलं तर छापून येतं फक्त "५०", कारण टक्क्याच्या चिन्हापासून ओळीच्या शेवटापर्यंतचा मजकूर लाटेक शेरा समजून सोडून देतं. निकालांच्या प्रकरणात हे फार महागात पडतं! चिन्हाच्या आधी बॅकस्लॅश द्या. अँपरसँड आणि अंडरस्कोअरलाही तेच, पण ते निदान ओरडतात तरी.

नंबरांचा तुमचा त्रास लेबल आणि रेफ या दोन कमांडनी संपेल. समीकरणाला लेबलने नाव द्या आणि मजकुरात नंबर हाताने न लिहिता रेफमध्ये ते नाव टाका, मध्ये नवीन समीकरण घुसवलं तरी पुढचे सगळे नंबर आपोआप सरकतात. स्वतःच्या मशीनवर एकदाच कंपाइल केलं तर नंबरच्या जागी दोन प्रश्नचिन्हं दिसतील, घाबरू नका. पहिल्या फेरीत नंबर एका वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवले जातात आणि दुसऱ्या फेरीत तिथून उचलले जातात. ओव्हरलीफ या फेऱ्या स्वतःच मारतं.

आता मराठी. कंपाइलर पीडीएफलाटेक असेल तर तो बदलून झीलाटेक करा आणि फॉन्ट निवडू देणारं फॉन्टस्पेक पॅकेज घ्या. इंग्रजीचा फॉन्ट आहे तो राहू द्या, मराठी सारांशासाठी वेगळी फॉन्ट फॅमिली करा. आयआयटी मुंबईचा शोभिका फॉन्ट टेक लाइव्हमध्येच, म्हणजे लाटेकच्या तयार संचातच, मिळतो. फॉन्ट देताना स्क्रिप्ट देवनागरी हा ऑप्शन विसरलात तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटून हलंत दिसायला लागतात. आधी "निश्चित", "दुसऱ्या", "वैशिष्ट्य" एवढेच तीन शब्द टाकून पीडीएफ बघा, ते नीट आले की मगच अख्खा सारांश पेस्ट करा.