21 वर्षांचा मुलगा रेल्वेचं तिकीट आणि घरी येणारं टपाल मनावर घेत नाही. काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा पुलगावहून नागपूरला कॉलेजला रेल्वेने जातो, तिकिटापायी दंड भरून आलाय, आणि त्याच्या नावाची पाकिटं न फोडता कोनाड्यात पडून आहेत. हा आळस की बेजबाबदारपणा, असं तुम्ही विचारता. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात ग्रामीण डाक सेवक आहे. तुमच्यासारखी घरं रोज बघतो, म्हणून सांगतो, पोट्टा वाईट नाही. रिचार्ज संपायच्या आधी त्याला मेसेजवर मेसेज येतात. कागद मात्र एकदाच येतो आणि येताना मुदत घेऊन येतो. ती मुदत पाकीट फोडायची वाट बघत नाही, हे या वयाच्या मुलांना कोणी सांगितलेलंच नसतं.

तिकिटाचंही तसंच आहे. 199 किमीपर्यंतचं जनरल तिकीट काढल्यावर 3 तासांत किंवा त्यानंतरची, जिथे जायचं त्या गावची पहिली गाडी सुटेपर्यंत, यातलं जे उशिरा असेल तोवर निघावं लागतं. सकाळीच काढून खिशात ठेवलेलं तिकीट संध्याकाळच्या गाडीला चालत नाही. मोबाईलवर काढलं असेल तर ते अ‍ॅपमध्येच दाखवायचं, स्क्रीनशॉट टीसी मानत नाही. कागदी जनरल तिकीट हरवलं तर दुसरी प्रत मिळत नाही, मुलगा विनातिकीटच धरला जातो. मग भाडं आणि वर किमान 250 रुपये. रोज जाणाऱ्याने मासिक पास काढावा. तो 150 किमीपर्यंत मिळतो, पुलगाव-नागपूर त्यात सहज बसतं. सोबत ओळखपत्र हवंच, आणि पास आहे म्हणून आरक्षित डब्यात बसायचं नाही.

माझी खरी काळजी टपालाची आहे. तरुण मुलं दारातूनच म्हणतात, "काका, नाही घ्यायचं मला, पाठवून द्या परत." त्यांना वाटतं, सही केली नाही म्हणजे नोटीस मिळालीच नाही. तसं होत नाही. पाकिटावर 'घेण्यास नकार' असा शेरा पडला आणि पत्ता बरोबर असला, तर सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, 1897 च्या कलम 27 प्रमाणे ती नोटीस बजावली गेली असंच धरतात. नाही मिळाली हे सिद्ध करणं मग त्याच्याच गळ्यात येतं. गाडीच्या हप्त्याचा चेक परत गेला असेल, तर नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे भरावे लागतात, नाहीतर फौजदारी खटल्याची वाट मोकळी होते. फक्त एक पाकीट न फोडल्याने मुलं यात अडकतात, आणि मला ते फार लागतं.

पासपोर्टचंही ध्यानात ठेवा. तो अर्जदाराच्याच हाती देतात, ओळखपत्र बघून. घरी कोणी नसलं आणि नंतर कोणी चौकशीही केली नाही, तर तो नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयात परत जातो.

तर काय करायचं? त्याचं टपाल तुम्ही सांभाळून ठेवू नका, त्याच्याच हातात द्या आणि तुमच्यासमोर फोडायला लावा. पाकीट ज्या दिवशी आलं ती तारीख त्याने स्वतः पेनने वर लिहावी. दंड झाला तर त्याच्या खर्चाच्या पैशातून जाऊ द्या. टीसीकडून पावती घ्यायलाही सांगा. रागावून काही होत नाही. मुदत म्हणजे काय हे दोन-चार पाकिटांतच कळतं.

तुम्ही लिहिलंय की वडिलोपार्जित शेताच्या सातबाऱ्यावर त्याचं नाव लागलंय. म्हणून कोनाड्यातली पाकिटं आज रात्रीच उघडा. त्यात तलाठ्याची नमुना 9 ची नोटीस निघाली तर ती फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलाची असते, आणि हरकत घ्यायला 15 दिवस असतात. दिवस उरले असतील तर लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. उलटून गेले असतील तरी हातपाय गाळू नका. नोंद मंजूर झाली असेल तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येतं, त्याला 60 दिवसांची मुदत असते. तिथे जाताना पाकीटही सोबत न्या, त्यावर पोस्टाचा शिक्का आणि तारीख असते.