मुलाला नर्सिंगला घालावं का? डॉक्टर सांगतील तेवढंच करायचं असतं ना?

तुम्ही विचारलंय की नीटला मार्क कमी आले म्हणून मुलाला बीएस्सी नर्सिंगला घालावं का, आणि खाली लिहिलंय "तसा डोक्याला ताप नाही, डॉक्टर सांगतील तेवढंच करायचं". त्या खालच्या वाक्यामुळे नाईट संपवून आलोय तरी न झोपता टाईप करतोय. माझे सासरे दहा वर्षं हेच बोलतायत.

एक रात्र सांगतो. मेल मेडिसिन वॉर्ड, ३८ पेशंट, त्यातले काही खाली गादीवर, नर्सिंग स्टाफ म्हणून मी एकटा आणि सोबत जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) सेकंड इयरची एक पोरगी. जुलाबाने गळून गेलेले एक बाबा होते, त्यांचा पोटॅशियमचा रिपोर्ट २.६ आला, म्हणजे फारच कमी. ड्युटी डॉक्टरांचा फोन पोरीने घेतला, "केसीएल (पोटॅशियमचं इंजेक्शन) एक अ‍ॅम्प्युल आयव्ही, म्हणजे शिरेतून, दे", की कट. मी पलीकडे एकाच्या नाकातून पोटात नळी (राईल्स ट्यूब) टाकत होतो, वळून बघतो तर हिने अख्खं अ‍ॅम्प्युल १० सीसीच्या सिरिंजमधे ओढलंय आणि हाताला लावलेल्या कॅन्युलाचं (शिरेतल्या नळीचं) झाकण काढतेय. ओरडलोच. केसीएल असं सरळ शिरेत ढकललं तर हृदय बंद पडतं, ते सलाईनमधे पातळ करून हळूहळू द्यायचं असतं. पोरगी रडायला लागली, म्हणे सरांनी सांगितलं तसंच करत होते.

मी परत फोन लावला. "मी सांगतोय ना, दे." म्हटलं सर, येऊन लिहून द्या, पुश मी करणार नाही. कोणी आलं नाही. मग सिनियरना उठवलं, ते म्हणाले ५०० एमएल एनएसमधे (साध्या सलाईनमधे) टाक, चार तासांवर लाव. ह्यात गेली ४० मिनिटं. सकाळी राऊंडला सगळ्यांसमोर "ब्रदर, तुम्ही कधी डॉक्टर झालात?" आणि दुपारी मेमो, ट्रीटमेंटला उशीर केल्याबद्दल. बाबा मजेत चहा-बिस्किट खात होते, साखर कमी आहे म्हणून मावशींशी भांडत होते. फाईलमधे एक ओळ, केसीएल इन ५०० एनएस. घरी सांगितलं तर सासरे म्हणाले, तुम्हाला मधे पडायची काय गरज होती! मेमो अजून कपाटात आहे, ते आले की काढून दाखवावासा वाटतो.

तर डोकं लागतं. डोस, डायल्युशन तोंडपाठ पाहिजे आणि "लिहून द्या" म्हणायची हिंमत पाहिजे. मुलगा घरी तुमच्यासमोर तोंड उघडत नसेल तर आधी ते बघा.

बाकी बीएस्सीला पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) आणि सीईटी लागते, चार वर्षं. जीएनएम तीन वर्षांचं, आर्ट्सवाल्यांनाही चालतं. कॉलेजची बिल्डिंग बघू नका, त्यांचं हॉस्पिटल सकाळी अकराला जाऊन बघा, बेडवर पेशंट आहेत की नुसत्या चादरी. पगाराचं म्हणाल तर सरकारीत बेसिक ३५,४०० पासून. प्रायव्हेटला २०१६ मधे सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीने ५० बेडच्या आतल्या हॉस्पिटललाही किमान २०,००० सुचवले होते, ते बहुतेक ठिकाणी कागदावरच. मला सुरुवातीला साडेसात हजार मिळत होते. मुलगा आहे म्हणून अजून एक, एम्सच्या भरतीत ८० टक्के जागा बायकांना, २० पुरुषांना, तेव्हा एम्सवर सगळा डाव लावू नका. लग्नाच्या बायोडेटात काय लिहायचं ते तुम्हीच ठरवा, माझ्यात सासऱ्यांनी "मेडिकल लाईन" करून घेतलं होतं.

सगळे डॉक्टर तसे नसतात हेही लिहायला पाहिजे. फोनवरचा तो ड्युटी डॉक्टर, पोरगाच, तोही सलग दुसरी रात्र जागा होता, आता भेटला की स्वतःहून चहा पाजतो, मेमोचा विषय मात्र काढत नाही.

आणि घालणारच असाल तर हिपॅटायटिस बी चे तीन डोस आत्ताच सुरू करा, पूर्ण व्हायला सहा महिने जातात. कॉलेज देईल म्हणून थांबू नका.