टाटा 697 इंजिन घरी बांधायचे असेल, तर थांबे आधी ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आजोबांचा टाटा 1210 ट्रक मिरजेजवळच्या शेडमध्ये बरीच वर्षे उभा आहे, इंजिन जाम झाले आहे, मिस्त्री म्हणतात की बाजारातून एखादे जुने चालू इंजिन आणून बसवा, आणि तुम्हाला मात्र तेच इंजिन सुट्टीच्या दिवशी स्वतः खोलून नव्याने बांधायचे आहे. त्यासाठी सुट्या भागांचे किट कोणत्या कंपनीचे घ्यावे, एकूण खर्च किती येईल आणि वर्षभरात काम होईल का, असे तुम्ही विचारले आहे. शेवटच्या भागाचे उत्तर आधी देतो: वर्षभरात होणार नाही. नोकरी सांभाळून हे काम करणाऱ्याचे दोन-तीन पावसाळे त्यात सहज जातात, कारण कधी मशिनशॉपची रांग आडवी येते, कधी पैसे, तर कधी घरचे लग्न. म्हणून किटचा विचार बाजूला ठेवून, काम कुठे कुठे थांबवले तरी इंजिनाला अपाय होणार नाही, ते आधी ठरवून घ्या. हौशी लोकांची जी इंजिने मी वाया गेलेली पाहिली, त्यांतील बहुतेक चुकीच्या जोडणीने वाया गेली नव्हती. ती अर्धवट उघडी राहून, दमट हवेत गंजून गेली होती.

इंजिन नेमके कोणते आहे याची खात्री प्रथम करून घ्या. टेल्को (टाटांची ट्रक बनवणारी कंपनी) आणि मर्सिडीज बनवणारी डाइम्लर-बेंझ यांचा करार 1954 साली झाला, जमशेदपूरला ट्रक बनू लागले आणि 1969 साली करार संपल्यावर ट्रकच्या तोंडावरचा मर्सिडीजचा तारा जाऊन तिथे टाटांचे चिन्ह आले. त्या काळातील ट्रकमध्ये पुढे मालकांनी सोयीप्रमाणे इंजिने बदललेली असतात, त्यामुळे बाहेरच्या रूपावरून आतले इंजिन ओळखू नये. टाटांच्या इंजिनांच्या 692 आणि 697 या दोन आकड्यांत सिलिंडरची संख्या आणि बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, लपलेले आहेत: सहा सिलिंडर, बोअर 92 किंवा 97 मिलिमीटर. 697 चा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, 128 मिलिमीटर असून क्षमता 5675 सीसी भरते. मर्सिडीजच्या ओएम 352 या इंजिनाचे बोअर-स्ट्रोक नेमके हेच आहेत. मात्र मापे जुळतात म्हणून परदेशातून ओएम 352 चे सुटे भाग मागवण्याच्या फंदात पडू नका. ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) आणि हेड (त्यावरचे झाकण) यांमध्ये काळानुसार बदल झालेले असतात, शिवाय 697 चे भाग आपल्याकडे अजून मिळतात. ब्लॉकवरचा इंजिन नंबर आणि आरसी बुकावरचा नंबर ताडून पाहा. त्याचे कारण शेवटी सांगतो.

आता जाम इंजिनाविषयी. टोचन लावून, गिअरमध्ये टाकून, ओढून सोडवण्याचा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. तो ऐकू नका. सिलिंडरमध्ये पाणी साचलेले असेल, तर पिस्टन वर येताना ते पाणी दबणार नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकेल. डिझेल फवारणारे सहाही नोझल काढून घ्या, प्रत्येक भोकातून डिझेल आणि पातळ ऑइल यांचे मिश्रण सोडा आणि आठवडाभर त्याकडे पाहू नका. त्यानंतर क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, पुढच्या नटला लांब दांड्याचा पाना लावून, हाताच्या जोराने, पुढे-मागे थोडे थोडे हलवून पाहा. हलले तर उत्तम. नाही हलले तर हेड आणि चेंबर (खालचे ऑइलचे भांडे) उतरवून कोणते पिस्टन अडकले आहेत ते शोधा. बहुधा दोनच सिलिंडर गुन्हेगार निघतात, ज्यांचे व्हॉल्व्ह गाडी उभी करताना उघडे राहिले होते आणि ज्यांत वर्षानुवर्षे ओलावा शिरत राहिला. त्यांचे लायनर (सिलिंडरच्या आत बसवलेल्या नळ्या) गेले म्हणून समजा आणि पिस्टन सोडवताना लायनरची फिकीर करू नका, फिकीर करायची ती रॉड आणि क्रँकची.

इंजिन उतरवणे हा भाग मी थोडक्यात आटोपतो, कारण तिथे हौस कामाची नाही. 400 किलोंहून जास्त वजन लाकडी वाशाला चेनपुली बांधून उचलायचे नसते. एक दिवस क्रेनवाल्याला बोलवा आणि गिअरबॉक्स आधी वेगळा करा.

खोलताना सर्वांत जास्त वेळ खुणा करण्यात घालवा. क्रँक धरून ठेवणाऱ्या मेन बेअरिंगच्या कॅप ब्लॉकवर बसवून एकत्र बोअर केलेल्या असतात, त्यामुळे त्यांची अदलाबदल झाली की क्रँक मोकळा फिरत नाही. रॉड आणि त्याची कॅप यांचीही जोडी तशीच असते. नंबर आधीच मारलेले असतील तर ते वाचून वहीत लिहा, नसतील तर पंचाने मारा. प्रत्येक पुशरॉड, टॅपेट आणि व्हॉल्व्ह आपापल्या जागी परत जायला हवा. दोन वर्षांनी पिशवी उघडणारे तुम्हीच असाल, आणि तेव्हा आज सहज लक्षात राहील असे वाटलेले काहीही लक्षात राहिलेले नसेल, म्हणून पिशवीवर कागद न चिकटवता पत्र्याची किंवा जाड पुठ्ठ्याची चिठ्ठी तारेने बांधा; ऑइलमध्ये कागदावरची शाई टिकत नाही.

पहिला थांबा इथे आहे. सगळे भाग धुऊन, वाळवून, ऑइलचा हात फिरवून ठेवता येतात आणि आतापर्यंतचा खर्च क्रेन, डिझेल आणि चहापाण्याच्या पलीकडे गेलेला नसतो. क्रँक आडवा टेकवून ठेवू नये; उभा ठेवावा आणि पडणार नाही असा बांधावा. यंत्रावर घासलेल्या पृष्ठभागांना थेट प्लॅस्टिक गुंडाळू नका, आत घाम धरतो. आधी ऑइलमध्ये भिजवलेले कापड आणि मग त्यावर प्लॅस्टिक, असा क्रम ठेवा.

यानंतरचे काम मोजमापाचे आहे, आणि पैसे वाचतात किंवा बुडतात ते याच टप्प्यावर. बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, क्रँकच्या दिशेने व तिच्या काटकोनात असे मोजले जाते. वरची रिंग जिथे वळते तिथे झीज सर्वाधिक असते, त्यामुळे केवळ खालचे माप पाहून 'अजून चालेल' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) मायक्रोमीटरने तपासून, चुंबकीय पद्धतीने तडा आहे का ते पाहून घ्यावे. मग अंडरसाइजचा, म्हणजे जर्नल घासून किती बारीक करायचे याचा, निर्णय येतो: 0.25, 0.50, 0.75 किंवा 1.00 मिलिमीटर. इथे क्रम महत्त्वाचा आहे. त्या मापाच्या बेअरिंग बाजारात प्रत्यक्ष हातात मिळतात की नाही ते आधी पाहावे आणि मगच क्रँक ग्राइंडिंगला द्यावा. ग्राइंडिंगवाल्याला जर्नलच्या कडेची गोलाई, म्हणजे फिलेट, मूळ मापाची ठेवायला सांगावे, कारण तिथे धारदार कोपरा राहिला की क्रँक तुटतो तो तिथूनच. ही गोष्ट तोंडी न सांगता चलनावर लिहून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता किट का घेऊ नये ते लक्षात येईल. किटमध्ये लायनर, पिस्टन, रिंग आणि पिन येतात. पण ब्लॉकला तडा निघाला, किंवा लायनर जिथे बसतो ते भोकच वाकडे झालेले निघाले, तर ते किट कपाटात पडून राहते. या इंजिनातील ड्राय लायनर पाण्याला लागत नाहीत, ते ब्लॉकमध्ये प्रेसने बसवतात. फार घट्ट बसला तर लायनर अंडाकृती होतो, सैल राहिला तर उष्णता ब्लॉककडे जात नाही आणि पिस्टन धरतो. म्हणून ब्लॉकचे भोक मोजल्याशिवाय लायनरचे बाहेरचे माप ठरत नाही. सांगली-मिरजेहून कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर फार दूर नाही. ऑइल इंजिनांच्या धंद्यावर वाढलेल्या त्या भागात बोअरिंग, होनिंग (सिलिंडरची भिंत दगडाने घासून तिच्यावर बारीक रेघा पाडणे) आणि क्रँकचे काम करणारी जुनी दुकाने आहेत. कामाची घाई नसलेले गिऱ्हाईक तिथे मागे ढकलले जाते हे खरे, पण तुम्हाला तरी घाई कुठे आहे?

हेड आणि फ्युएल पंप ही कामे मधल्या काळात करून घ्यावीत, कारण ती पूर्ण करून बंद अवस्थेत ठेवता येतात. हा तुमचा दुसरा थांबा. हेडची पाण्याच्या दाबाने चाचणी, गाइड, सीट आणि व्हॉल्व्ह एवढे बघावे. हेड 'सपाट करून देतो' असे कोणी म्हणाले तर किती काढणार ते विचारावे, कारण डायरेक्ट इंजेक्शनच्या या इंजिनात पिस्टन वर आल्यावर हेडशी उरणारे अंतर मिलिमीटरच्या आसपास असते. फ्युएल पंप मात्र घरी उघडूच नये. त्यातील प्लंजर (दट्ट्या) आणि बॅरल (त्याची नळी) यांच्यामधील फट काही मायक्रॉनची असते आणि प्रत्येक जोडी एकमेकांशी घासून तयार केलेली असते. सहा जोड्या एका ताटात मिसळल्या की पंप भंगारात जातो. कॅलिब्रेशन बेंचवर सहाही एलिमेंट, म्हणजे या जोड्या, सारखे डिझेल देतात का, हे तपासून घ्यावे. पंप बनवणाऱ्या मायको कंपनीचे नाव 2008 साली बॉश झाले तरी या धंद्यातले लोक अजून 'मायको पंप' असेच म्हणतात, हे दुकान शोधताना उपयोगी पडेल.

तिसरा टप्पा, म्हणजे लायनर, होनिंग आणि जोडणी, हा मध्ये न थांबवता सलग करायचा आहे. तो पावसाळा संपल्यावर, दिवाळीनंतर धरावा. ताज्या होनिंगच्या उघड्या लोखंडावर दमट हवेत रातोरात तांबूस झाक येते. होन केलेला ब्लॉक घरी आला की त्याच दिवशी तो गरम पाणी, साबण आणि ब्रशने धुवावा. डिझेलने धुऊन भागत नाही, कारण होनिंगच्या दगडाची पूड रेघांमध्ये अडकलेली असते आणि डिझेल तिला फक्त ओली करते. धुऊन झाल्यावर पांढऱ्या सुती फडक्याला ऑइल लावून सिलिंडरमध्ये फिरवावे. फडके करडे निघाले तर पुन्हा धुवावे. फडके पांढरे निघेपर्यंत हे चालू ठेवावे आणि मग लगेच ऑइल लावावे. नव्या इंजिनाच्या रिंगा काही महिन्यांत गेल्या अशी तक्रार ऐकली की मी आधी धुण्याविषयी विचारतो, ब्रँडविषयी नंतर.

रिंगचा गॅप प्रत्येक सिलिंडरमध्ये रिंग सरळ बसवून फिलर गेजने पाहावा, बेअरिंगची फट प्लास्टिगेजने (दाबून चपटा होणारा मोजमापाचा मऊ धागा), आणि क्रँकचा एंड प्ले, म्हणजे पुढे-मागे सरकण्याची मोकळीक, डायल गेजने. ही मापे मॅन्युअलप्रमाणेच हवीत. 'हाताला बरे वाटते' हे माप नव्हे. टॉर्क रेंच भाड्याने किंवा उसना न घेता विकत घ्यावा, बाकीची मोजण्याची साधने मशिनशॉपच्या माणसाची वापरली तरी चालतात. गॅस्केट, रबरी सील आणि होज सर्वांत शेवटी खरेदी करावेत, कारण कपाटात पडून तेही म्हातारे होतात.

पंपाचे टायमिंग कानाने लावणारे मिस्त्री आहेत आणि त्यांचा हात चांगला असतो, पण तुम्ही ठिबक पद्धत वापरा. पहिल्या एलिमेंटचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढून तिथे वाकडी नळी बसवतात, वरून डिझेल सोडतात आणि क्रँक हळूहळू, फिरण्याच्याच दिशेने फिरवतात. धार बारीक होत होत थेंबावर येते. थेंब जिथे थांबू लागतात ती इंजेक्शनची सुरुवात. त्या वेळी फ्लायव्हीलवरची खूण मॅन्युअलमधल्या अंशावर असली पाहिजे. इंजिनाचा फायरिंग क्रम 1-5-3-6-2-4 असा आहे, नोझलचे पाइप त्याप्रमाणे पुन्हा एकदा तपासावेत.

सुरू करण्याआधी नोझल ढिले ठेवून, डिझेल बंद करून, ऑइलचा दाब गेजवर दिसेपर्यंत स्टार्टर मारावा. सुरू करताना हवेच्या तोंडाशी सपाट लाकडी फळी घेतलेला एक माणूस उभा हवाच. पंपाचा रॅक (डिझेलचे प्रमाण कमी-जास्त करणारी दांडी) अडकला तर डिझेल इंजिन आपल्या मनाने वेग घेते आणि तेव्हा चावी काही करू शकत नाही. हवा तोडणे हाच उपाय उरतो. आणि एकदा सुरू झाले की तासन्‌तास रिकामे चालवत बसू नका. भार नसताना रिंगा लायनरवर नीट दाबल्या जात नाहीत, भिंत गुळगुळीत चकचकीत होते आणि इंजिन कायमचे ऑइल खाऊ लागते. ट्रकमध्ये अर्धी खडी भरून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण न दाबता, चढाच्या रस्त्याने चालवणे बरे. पहिले ऑइल लवकर बदलावे, आणि हेडचे बोल्ट व टॅपेट पुन्हा पाहावेत.

खर्चाचा एक आकडा मी मुद्दाम देत नाही, कारण क्रँक आणि ब्लॉक मोजल्याशिवाय कोणी दिलेला आकडा निव्वळ अंदाज असतो. एवढे सांगतो की किटची किंमत म्हणजे एकूण खर्च, असे समजणाऱ्याचा हिशोब कोलमडतो. मशिनशॉप, पंप, नोझल, क्लच, रेडिएटर, बॅटरी, वाहतूक आणि साधने मिळून किटला सहज मागे टाकतात. मिस्त्रींचा सल्ला पैशांच्या दृष्टीने बरोबरच आहे, चालू जुने इंजिन स्वस्त पडेल. मात्र त्यातही अडचण आहे. ब्लॉक बदलला की इंजिन नंबर बदलतो, त्यासाठी आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते, आणि भंगार बाजारातल्या इंजिनाची कागदपत्रे मिळवणे हे वेगळेच प्रकरण आहे. व्हिंटेज नोंदणीची 2021 ची केंद्रीय तरतूद व्यक्तिगत वापराच्या दुचाकी-चारचाकींसाठी आहे, तिचा आधार या ट्रकला मिळेल असे धरून चालू नका. तुमचा ब्लॉक वाचत असेल तर तो वाचवण्यासाठी हे कारण पुरेसे आहे. म्हणून ब्लॉक धुण्याआधी आणि रंगवण्याआधी नंबरच्या जागी कागद धरून पेन्सिलीने ठसा घ्या, फोटो काढा, आणि ब्लास्टिंगवाल्याकडे (माऱ्याने गंज-रंग काढणाऱ्याकडे) देताना त्या जागेवर टेप लावून द्या. घासून पुसट झालेला नंबर आरटीओला पटवून देणे क्रँक बसवण्यापेक्षा अवघड जाते.