मित्राच्या कार्यक्रमांवर माझं घर चालेल का?

पुण्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय 29, आयटीत नोकरी, हातात महिन्याला 62 हजार, घरखर्च 45 हजार, आई त्यांच्यावर अवलंबून, एफडीत 6 लाख. गायक मित्राचा पूर्णवेळ मॅनेजर व्हायचंय. मित्र वर्षाला साधारण 40 कार्यक्रम करतो, सरासरी 35 हजारांचे, आणि 15 टक्के द्यायला तयार आहे. त्याच्या नव्या गाण्यांच्या रेकॉर्डिंगला 3 लाख घालावेत का, हेही विचारलंय.

15 टक्के, पण कशाचे? हे तुम्ही दोघं बोललेलाच नाहीत, असं पत्रावरून वाटतं. 35 हजारांतून चार साथीदारांचे प्रत्येकी 4 हजार आणि गाडी-जेवणाचे 4 हजार गेले, की उरतात 15 हजार. त्यावर 15 टक्के म्हणजे 2,250. वर्षाचे 90 हजार, महिन्याला साडेसात हजार. पूर्ण मानधनावर धरलंत तर 5,250, म्हणजे महिन्याला साडेसतरा हजार. पण मग मित्राच्या हाती कार्यक्रमामागे 9,750 राहतात. हे त्याला आज चालेल, वर्षभराने खुपेल. मैत्री जपायची असेल तर हे आत्ताच कागदावर आणा. करार संपल्यावरही तुम्ही आणलेल्या सुपाऱ्यांवर, म्हणजे ठरवलेल्या कार्यक्रमांवर, किती महिने कमिशन मिळणार, तेही त्यात लिहा.

तुमच्या घराला वर्षाला 5 लाख 40 हजार लागतात. पूर्ण मानधनावर 15 टक्के धरले, तरी त्यासाठी 36 लाखांचे कार्यक्रम हवेत. मित्राचे होतात 14 लाखांचे. एका कलाकारावर हे घर चालणार नाही. असे तीन तरी हवेत. नारायणगावात जत्रांच्या हंगामात तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक येऊन सुपारी देतात, बयाणा ठेवतात. काही आठवड्यांतल्या तारखांवर फडाचं वर्ष अवलंबून असतं. तुमचंही तसंच होईल: गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट, मग लग्नसराई. पितृपंधरवड्यात आणि आषाढात हात रिकामे, घरभाडं मात्र दर महिन्याला.

म्हणून नोकरी आत्ता सोडू नका. नेमणूकपत्रात दुसऱ्या कामाला मनाई आहे का ते बघा. नसेल, तर येता हंगाम शनिवार-रविवार सांभाळून करा. दुसरा कलाकार स्वतःहून तुमच्याकडे आला, तर पुन्हा हिशोब मांडू.

आयोजकांचे पैसे थेट मित्राच्या खात्यात जाऊ द्या, तुम्ही फक्त कमिशनचं बिल द्या. सगळी रक्कम तुमच्या खात्यात आली तर टीडीएस तुमच्या पॅनवर कापला जाईल, जीएसटी नोंदणीची 20 लाखांची मर्यादाही विनाकारण जवळ येईल.

रेकॉर्डिंगला 3 लाख घालू नका. ती रक्कम म्हणजे तुमच्या घराचे साडेसहा महिने आहेत. मित्र स्वतः गाणी लिहितो किंवा चाली लावतो का? तसं असेल तर त्याला आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्थेचा, सभासद करा आणि प्रत्येक गाण्याची नोंद करून घ्या. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क, वारस आणि अशी संस्था सोडून, दुसरं कुणी लिहून घेऊ शकत नाही. हे काम बिनखर्चाच्या जवळपास होतं, आणि मॅनेजरचं खरं काम हेच आहे.

आईचा विमा कंपनीच्या गटविम्यात असेल, तर तो राजीनाम्याबरोबर जातो. तिच्यासाठी वेगळी पॉलिसी याच महिन्यात घ्या. जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि तो काळ तुमचा पगार चालू असतानाच सुरू झालेला बरा.