जगातलं पहिलं ड्राइव्ह-इन थिएटर तीनच वर्षांत का बंद पडलं? आणि तरीही ही कल्पना पुढे एवढी कशी चालली?

तुम्ही विचारताय ते थिएटर, म्हणजे आपापल्या गाडीत बसूनच उघड्यावर सिनेमा पाहायची पहिली जागा, अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात होतं. कॅम्डेन शहराला लागून असलेल्या पेन्सॉकनमध्ये, क्रेसेंट बुलेव्हार्डवर. ६ जून १९३३ ला सुरू झालं, १९३६ ला बंद. जागा जवळपास ४०० गाड्यांची. माझ्या मते त्याला दोन गोष्टींनी बुडवलं : आवाज आणि फिल्मचं भाडं. पण त्याआधी त्यात नवीन काय होतं ते सांगायला हवं, कारण तिथेच बहुतेकांची गफलत होते.

उघड्यावर सिनेमा दाखवणं जुनंच होतं. मूकपटांच्या काळातही अमेरिकेत गाडीत बसून सिनेमा पाहण्याचे प्रयोग झाले होते. हे थिएटर काढणाऱ्या रिचर्ड हॉलिंग्सहेडनं सोडवला तो प्रश्न वेगळाच होता : पुढच्या गाडीचं टप आड येतं, त्याचं काय करायचं?

हा माणूस घरच्याच कंपनीत कामाला होता. कंपनी गाड्यांना लागणारी पॉलिश, तेलं वगैरे बनवायची. मंदीचे दिवस होते. त्याचं गणित असं की हात आखडला तरी माणसं मोटार आणि सिनेमा सगळ्यात शेवटी सोडतात, मग दोन्ही एकत्र का विकू नयेत? (आई जाडजूड होती, थिएटरच्या खुर्चीत मावत नसे, म्हणून त्यानं हे काढलं अशीही एक गोष्ट सांगतात. ऐकायला छान आहे, पण मला धंद्याचं कारण जास्त पटतं.)

रिव्हर्टनमधल्या घराच्या अंगणातच त्यानं प्रयोग केले. झाडांना चादर ठोकून पडदा केला, गाडीच्या बॉनेटवर कोडॅकचा प्रोजेक्टर ठेवला, आवाजासाठी चादरीमागे रेडिओ लावला. पावसात काच कितपत धूसर होते हे बघायला लॉनला पाणी मारायचा फवारा गाडीवर सोडला. मग एकामागे एक गाड्या उभ्या करून पुढच्या चाकांखाली ठोकळे सरकवत राहिला. गाडीचं नाक किती वर उचललं की समोरच्या काचेतून नजर पुढच्या टपावरून थेट पडद्यावर जाते, हे त्याला शोधायचं होतं. ते सापडल्यावर त्यानं जमिनीलाच तसा चढ दिला. पडद्याभोवती कमानीसारख्या वळत जाणाऱ्या रांगा, प्रत्येक रांग तिरपी, आणि दोन रांगांमध्ये एवढी वाट की मध्येच कुणाला निघायचं झालं तरी दुसऱ्याला गाडी हलवावी लागू नये. १६ मे १९३३ ला, थिएटर उघडायच्या तीन आठवडे आधी, त्याला याचं पेटंट मिळालं.

तिकीट गाडीला २५ सेंट आणि माणशी २५ सेंट. पण कितीही माणसं असली तरी एका गाडीचा एक डॉलरवर आकार नाही. पोरंबाळं कितीही दंगा करोत, सगळ्या घरानं या, अशी जाहिरात. पडदा ४० फूट बाय ५० फूट.

आता आवाज. गाडीत स्पीकर हा प्रकार तेव्हा नव्हता. पडद्यापाशी मोठमोठे कर्णे बसवले होते आणि तेच सगळ्या मैदानाला ऐकवायचे. ध्वनीला १०० मीटर जायला सेकंदाचा जवळपास तिसरा हिस्सा लागतो. म्हणजे मागच्या रांगेत ओठ आधी हलणार, शब्द नंतर येणार. मागच्यांना ऐकू यावं म्हणून आवाज वाढवला की शेजारीपाजारी वैतागणार.

आणि फिल्म. रूढ थिएटरवाल्यांना हा नवा गडी नकोच होता, त्यामुळे त्याला जुन्या, दुय्यम फिल्म मिळायच्या, त्याही चढ्या भावात. हॉलिंग्सहेडनंच पुढे सांगितलं होतं की पहिल्या फिल्मचे चार दिवसांचे ४०० डॉलर मोजावे लागले. तीच फिल्म त्याआधी कॅम्डेनच्या एका छोट्या थिएटरनं २० डॉलरात आठवडाभर चालवली होती. गाडीमागे जास्तीत जास्त एक डॉलर घेणाऱ्याला हे परवडणार कसं?

थिएटर गेलं तरी पेटंट होतं. इतरांनी ही रचना वापरली तर रॉयल्टी मिळावी अशी त्याची अपेक्षा होती, पण लोक सर्रास नक्कल करायचे. वाद कोर्टात गेला आणि १९४९ मध्ये फेडरल अपील कोर्टानं पेटंट रद्दच केलं. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं : मागच्याला दिसावं म्हणून बैठक चढती ठेवणं प्रत्येक नाट्यगृहात असतं, इथे खुर्चीच्या जागी गाडी आली एवढंच. मला हा निकाल थोडा अन्यायाचाच वाटतो. खुर्ची खेळ संपल्यावर चालू होऊन बाहेर पडत नाही, आणि रांगांमधली ती वाट तर त्यासाठीच होती.

निकालानं रॉयल्टीची कटकट मिटली. आवाजाचा प्रश्न त्याआधीच सुटला होता : १९४० च्या दशकात खांबाला टांगलेले छोटे स्पीकर आले, काच खाली करून ते आत अडकवायचे. त्यात महायुद्धानंतर शहराबाहेर नव्या वसाहती, घरोघरी मोटार आणि लहान मुलं. १९५० चं दशक संपेपर्यंत अमेरिकेत ४,००० च्या वर ड्राइव्ह-इन झाली होती. पुढे जमिनीचे भाव आणि व्हिडिओ कॅसेटनी त्यातली बहुतेक संपवली, पण पेनसिल्व्हेनियातलं शँकवायलर्स अजून चालू आहे. ते १९३४ चं, म्हणजे पेन्सॉकनच्या थिएटरपेक्षा जेमतेम वर्षभरानं लहान. तिथे आता आवाज गाडीतल्या एफएम रेडिओवरच लागतो.